निकालामागची कारणे: ज्यूरीच्या बंद खोलीपासून जव्हारच्या साक्षीदारापर्यंत

जव्हार किंवा मोखाडा तालुक्यात आज एखादा गंभीर गुन्हा घडला, तर आरोपी दोषी आहे की निर्दोष याचा निर्णय एकटा न्यायाधीश करतो आणि तो निर्णय का केला याची कारणे त्याला निकालपत्रात लिहून द्यावी लागतात. या दोन्ही गोष्टी आता इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्या कधीकाळी वेगळ्या होत्या याचे स्मरणही फारसे उरलेले नाही. प्रत्यक्षात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत देशाच्या अनेक भागांत खुनासारख्या खटल्यांचा निर्णय कायद्याचे शिक्षण नसलेले नागरिक देत असत, तो ते दाराआड चर्चा करून देत आणि त्यासाठी एका शब्दाचेही कारण सांगत नसत. या नागरिकांच्या मंडळाला ज्यूरी म्हणत. ती पद्धत का आली, का गेली, आणि ती गेल्यावर माणसाच्या निर्णयबुद्धीतले दोषही तिच्याबरोबर गेले का, हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही, कारण त्याचे उत्तर जव्हारच्या कोर्टात उभ्या राहणाऱ्या साक्षीदारापर्यंत येऊन पोहोचते.

फौजदारी खटल्याचा प्रवास प्रथम ध्यानात घेणे आवश्यक आहे. पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवली जाते, तिला आता सर्वजण एफआयआर म्हणतात. त्यानंतर घटनास्थळाचा पंचनामा होतो, साक्षीदारांचे जबाब घेतले जातात, वस्तू जप्त होतात आणि तपास पुरा झाल्यावर दोषारोपपत्र दंडाधिकाऱ्यासमोर दाखल होते. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला तीन वर्षांपर्यंतच्याच कैदेची शिक्षा देता येते, म्हणून मारहाण, चोरी, दारूबंदी यांसारखे खटले त्याच्यापुढे चालतात. खून, बलात्कार, दरोडा यांसारखे गुन्हे मात्र तो सत्र न्यायालयाकडे पाठवून देतो आणि या पाठवणीला कोर्टाच्या भाषेत खटला कमिट करणे म्हणतात. सत्र न्यायालयात आरोप निश्चित झाले की सरकारी वकील आपल्या साक्षीदाराचा सरतपास घेतो, म्हणजे त्याला घटनेची हकीकत सांगायला लावतो, मग आरोपीचा वकील उलटतपास घेतो, म्हणजे त्या हकीकतीतील कच्चे दुवे शोधतो. शेवटी न्यायाधीश आरोपीला पुराव्यातील एकेक मुद्दा सांगून त्याचे म्हणणे विचारतो आणि दोन्ही बाजूंचा युक्तिवाद ऐकून निकाल देतो. ही चौकट 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने घालून दिली आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही ती बहुतांशी तशीच ठेवली आहे.

जव्हारपुरते पाहिले तर या चौकटीला एक वेगळा भूतकाळ आहे. 1948 मध्ये विलीन होईपर्यंत जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते आणि तिथल्या न्यायावर दरबाराचा अधिकार चाले, तर शेजारचा मोखाडा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याचा पेठा म्हणून, मोडत असे. एकाच डोंगररांगेत, एकाच प्रकारची नाचणी आणि वरई पिकवणाऱ्या वारली, कोकणा, महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांमध्ये, सीमेच्या अलीकडचा गुन्हा राजाच्या न्यायासनापुढे आणि पलीकडचा इंग्रजी कायद्याच्या सत्र न्यायाधीशापुढे जाई. विलीनीकरणानंतर दोन्ही तालुके ठाण्याच्या सत्र न्यायालयाच्या कक्षेत आले आणि मोठ्या गुन्ह्याच्या खटल्यासाठी इथल्या माणसाला दीर्घकाळ ठाण्याशी नाते ठेवावे लागले; पालघर हा वेगळा जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी निर्माण झाला.

इंग्रजी कायद्याने जी ज्यूरी आणली ती सर्वत्र सारखी नव्हती. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार मुंबईसारख्या उच्च न्यायालयाच्या सत्रात नऊ जणांची ज्यूरी बसे. मुलखातल्या सत्र न्यायालयांपैकी सरकारने नेमून दिलेल्या जिल्ह्यांत ज्यूरी असे आणि बाकीच्या ठिकाणी न्यायाधीशाच्या मदतीला असेसर बसत. असेसर म्हणजे मत देणारे सल्लागार, त्यांचे मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे. ज्यूरीचे तसे नव्हते. तथ्यांचा निर्णय तिचा, कायदा समजावून सांगण्याचे काम न्यायाधीशाचे, आणि समजावून सांगण्याच्या त्या भाषणाला चार्ज म्हणत. सत्र न्यायाधीशाला ज्यूरीचा कौल अगदीच अमान्य असेल, तर तो स्वतः त्याविरुद्ध निकाल देऊ शकत नसे, मात्र कलम 307 नुसार प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडू शकत असे.

मराठी वाचकाला ज्यूरी ठाऊक आहे ती लोकमान्य टिळकांच्या खटल्यांतून. 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात नऊपैकी सहा युरोपीय सदस्यांनी टिळकांना दोषी ठरवले आणि तीन भारतीय सदस्यांनी निर्दोष. 1908 मध्ये, मुझफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर ‘केसरी’त आलेल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांवरून पुन्हा खटला झाला, तेव्हा ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते, आणि 22 जुलैच्या रात्री कौल आला तो सातास दोन असा. जे लेख राजद्रोही होते की नव्हते हे ठरवायचे होते ते मराठीत होते आणि बहुसंख्य सदस्यांना मराठी येत नव्हते, त्यामुळे त्यांच्यासमोर लेख नव्हते, लेखांची भाषांतरे होती. खास ज्यूरी नेमण्यास बचाव पक्षाने याच कारणावरून विरोध केला होता आणि टिळकांनी आपल्या दीर्घ भाषणात एकेका शब्दाच्या चुकीच्या भाषांतरावर बोट ठेवले, पण त्याचा उपयोग झाला नाही. हा प्रसंग राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात त्यागाची कथा म्हणून सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु न्यायप्रक्रियेच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते, ती ही की दोन्ही वेळा मतांची फाळणी पुराव्याच्या बाजूने झाली नाही, ती वंशाच्या आणि भाषेच्या रेषेवर झाली, आणि सात जणांनी कोणत्या वाक्यावरून काय निष्कर्ष काढला हे विचारण्याची सोय कायद्यात कुठेच नव्हती.

स्वतंत्र भारतात ज्यूरीवरचा विश्वास डळमळला तो मुंबईच्याच आणखी एका खटल्याने. 27 एप्रिल 1959 रोजी नौदलातील कमांडर कावस माणेकशॉ नानावटी याने प्रेम आहुजा याला त्याच्या शयनगृहात गोळ्या घातल्या. नानावटीची पत्नी सिल्विया हिने आहुजाशी असलेले संबंध त्याच दिवशी पतीला सांगितले होते. त्यानंतर नानावटीने पत्नी आणि मुलांना सिनेमागृहाशी सोडले, जहाजावर जाऊन रात्री एकट्याने अहमदनगरला मोटार न्यायची आहे असे सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या आणि मग तो आहुजाच्या घरी गेला. बचावाचे म्हणणे असे की झटापटीत गोळ्या सुटल्या. सरकार पक्षाचे म्हणणे असे की आहुजा नुकताच आंघोळ करून आला होता, त्याच्या कमरेचा टॉवेल मृत्यूनंतरही जागेवरच होता, आणि जिथे तीन गोळ्या लागेपर्यंत झटापट झाली तिथे टॉवेल सुटल्याशिवाय राहिला नसता. नऊ जणांच्या ज्यूरीने आठास एक अशा मताने नानावटीला निर्दोष ठरवले. न्यायाधीश रतिलाल मेहता यांना हा कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, उच्च न्यायालयाने मार्च 1960 मध्ये जन्मठेप दिली आणि 24 नोव्हेंबर 1961 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. घरातून निघाल्यापासून गोळ्या झाडेपर्यंत, म्हणजे दुपारी दीड ते चार वाजून वीस मिनिटांपर्यंत, स्वतःला सावरायला पुरेसा अवधी होता, म्हणून अचानक आणि गंभीर प्रक्षोभाचा बचाव टिकत नाही, असे त्या निकालात स्वच्छ लिहिले आहे.

या खटल्याने ज्यूरी पद्धत संपवली असे सर्रास सांगितले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. कायदा आयोगाने 1958 च्या चौदाव्या अहवालातच, म्हणजे नानावटी प्रकरण घडण्यापूर्वी, ज्यूरी बंद करण्याची शिफारस केली होती, आणि नानावटीनंतरही देशात काही ठिकाणी ज्यूरीपुढे खटले चालत राहिले. फौजदारी खटल्यांतून ती पूर्णपणे गेली ती 1973 च्या संहितेने. नानावटी खटल्याने केले ते एवढेच की, ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने महिनोन्‌महिने चालवलेल्या मोहिमेमुळे नऊ माणसांच्या मनात कोर्टाबाहेर काय भरले जाऊ शकते हे लोकांसमोर उघडपणे आले.

त्या आठ जणांनी असा कौल का दिला? त्यांनी कारणे लिहिली नाहीत, त्यामुळे खात्रीचे उत्तर मिळणार नाही. मात्र ज्यूरीच्या मानसशास्त्राचा जो अभ्यास पुढे अमेरिकेत झाला तो या कोड्यावर पुष्कळ प्रकाश टाकतो. नॅन्सी पेनिंग्टन आणि रीड हेस्टी या दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की माणसे पुराव्याचे तुकडे एकेक करून तोलत नाहीत आणि त्यांची बेरीजही करत नाहीत, ती ऐकता ऐकता मनात एक गोष्ट रचतात, तिच्यात बसेल तो पुरावा ठळक होतो आणि न बसणारा फिका पडतो. 1988 च्या त्यांच्या एका प्रयोगात खुनाच्या एकाच खटल्याचा तोच पुरावा निरनिराळ्या क्रमाने ऐकवण्यात आला. सरकार पक्षाचा पुरावा घटनाक्रमाने आणि बचावाचा साक्षीदारांच्या क्रमाने विस्कळीत ऐकवला, तेव्हा 78 टक्के लोकांनी आरोपीला दोषी मानले. उलट केले तेव्हा हे प्रमाण 31 टक्क्यांवर आले. पुराव्यातला एक शब्दही बदललेला नव्हता. नानावटीच्या खटल्यात एका बाजूला रुबाबदार गणवेशातला अधिकारी, फसवला गेलेला पती आणि पश्चात्तापदग्ध पत्नी अशी सलग, आरंभ-मध्य-शेवट असलेली गोष्ट होती, तर दुसऱ्या बाजूला टॉवेल, रिव्हॉल्व्हरची नोंद आणि घड्याळातल्या वेळा असे सुटे दुवे होते. सुट्या दुव्यांना कोणी तरी ओवून द्यावे लागते, पहिली गोष्ट मात्र ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप पुरी होते.

दुसरा भाग समूहाच्या दबावाचा. शिकागो विद्यापीठातील हॅरी काल्व्हेन आणि हान्स झायझेल यांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासातून असे दिसले की, ज्यूरीच्या खोलीत पहिल्या मतदानात ज्या बाजूला बहुमत असते तिचाच विजय बहुतेक खटल्यांत होतो. एकट्याने सर्वांना वळवण्याचे प्रसंग चित्रपटांत जेवढे दिसतात तेवढे प्रत्यक्षात घडत नाहीत. सॉलोमन अ‍ॅश याने 1950 च्या दशकात केलेल्या प्रयोगांत तर समोरच्या रेषांपैकी कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी आहे हे डोळ्यांना दिसत असूनही इतर सर्वांनी चुकीचे उत्तर दिले की माणसे सुमारे एक तृतीयांश वेळा तेच चुकीचे उत्तर देत. तरीही काल्व्हेन आणि झायझेल यांच्या अभ्यासाची दुसरी बाजू सांगितली पाहिजे, ती अशी की, तीन-चतुर्थांशांहून अधिक खटल्यांत न्यायाधीशाचे मत आणि ज्यूरीचा कौल एकच आला. सामान्य नागरिक मूर्ख नसतो, आणि ज्यूरी म्हणजे अंदाधुंदी असे समजणे अन्यायाचे होईल.

ज्यूरी गेली म्हणून गोष्ट रचणारे मन गेले काय? याचे उत्तर महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात मिळते, आणि ते आदिवासी समाजाशी निगडित असल्याने जव्हार-मोखाड्याच्या वाचकाने ते विशेष लक्ष देऊन पाहावे असे आहे. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याची तक्रार झाली. हा खटला त्या मुलीच्या नावावरून मथुरा खटला म्हणून ओळखला जातो. तो ज्यूरीपुढे चालला नाही, कायदा जाणणाऱ्या न्यायाधीशांपुढेच चालला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले आणि मुलीला खोटारडी ठरवले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे असे म्हणून शिक्षा दिली. आणि 15 सप्टेंबर 1978 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अंगावर जखमा नाहीत, ओरडल्याचे आणि प्रतिकार केल्याचे दिसत नाही, अशा कारणांवरून आरोपींना पुन्हा मुक्त केले. रात्री पोलीस ठाण्यात, दाराबाहेर नातेवाईक उभे असताना, गरीब घरातील मुलगी कशी वागेल याचे एक चित्र त्या न्यायाधीशांच्या मनात आधीच तयार होते, आणि ती तशी वागली नाही म्हणून तिच्यावर विश्वास ठेवला गेला नाही, यापेक्षा सौम्य शब्दांत त्या निकालाचे वर्णन करणे कठीण आहे.

परंतु इथे एक निर्णायक फरक पडला. निकालपत्र लिहिलेले होते. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि त्यात निकालातील तर्काचे एकेक पाऊल तपासून दाखवले. त्यातून उभ्या राहिलेल्या स्त्री चळवळीच्या रेट्याने 1983 मध्ये कायदा बदलला: कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर संमती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे असे कलम पुरावा कायद्यात आले, आणि 2013 मध्ये केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानता येणार नाही हेही कायद्यात स्पष्ट झाले. 1908 च्या सात जणांशी किंवा 1959 च्या आठ जणांशी अशा रीतीने वाद घालता आला नसता, कारण वाद घालायला त्यांनी एक ओळही मागे ठेवली नव्हती. ज्यूरी जाण्यातून जे खरे हाती आले ते हे. न्यायाधीश नागरिकापेक्षा अधिक निःपक्षपाती असतो असे मुळीच नाही.

न्यायाधीशांच्या मनावरचे प्रयोगही हेच सांगतात. जर्मनीत बिर्टे एंग्लिश आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कायद्याच्या व्यावसायिकांना एका चोरीच्या प्रकरणाचे कागद वाचायला दिले आणि शिक्षा सुचवण्यापूर्वी फासे टाकायला सांगितले. फासे असे बनवलेले होते की बेरीज तीन तरी यावी किंवा नऊ तरी. तीन आलेल्यांनी सरासरी सुमारे पाच महिने आणि नऊ आलेल्यांनी सुमारे आठ महिने शिक्षा सुचवली, आणि फाशांचा गुन्ह्याशी काही संबंध नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आता जव्हारकडे वळायला हवे, कारण खटल्याची गोष्ट न्यायाधीशाच्या मनात रचली जाण्याच्या कितीतरी आधी पोलीस ठाण्यातल्या कागदावर रचली जाते. साक्षीदार वारली किंवा कोकणा बोलीत, मधूनच मागे जात, नात्यांचे संदर्भ देत बोलतो. हवालदार ते ऐकून लिहितो: ‘समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, मी वरील ठिकाणी राहण्यास असून शेतमजुरी करून कुटुंबाची उपजीविका करतो.’ या ठरीव वाक्यापासून पुढे सगळा जबाब सरळ घटनाक्रमात, तारखांसह, प्रमाण मराठीत येतो, आणि त्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही असा कायदा आहे. हा जबाब पुरावा म्हणून वापरता येत नाही, पण साक्षीदार कोर्टात त्याहून वेगळे बोलला तर त्याला खोडून काढण्यासाठी वापरता येतो. म्हणजे दोन-तीन वर्षांनी कोर्टात उभा राहिलेला माणूस स्वतःच्या बोलीत जे सांगतो ते दुसऱ्याच्या भाषेत लिहिलेल्या मजकुराशी ताडून पाहिले जाते, आणि जी तफावत निघते ती त्याच्या खरेपणाच्या खात्यावर मांडली जाते. पंचनाम्याच्या पंचांचीही गत अशीच होते. गावातले दोन प्रतिष्ठित नागरिक पोलिसांबरोबर जातात, पाहतात, सही करतात, आणि पुढे कोर्टात आठवत नाही म्हटले की फितूर ठरतात.

उलटतपासात वकील विचारतो, झाडापासून तुम्ही किती फुटांवर होता, किती वाजले होते? ज्याच्या लेखी अंतर म्हणजे हाकेचे किंवा दोन शेतांचे आणि वेळ म्हणजे दिवस कासराभर वर आला तेव्हाची किंवा दिवेलागणीची, तो माणूस दडपणाखाली काही तरी आकडा सांगतो, आणि दुसऱ्या साक्षीदाराचा आकडा वेगळा निघाला की विसंगती तयार होते. त्यात तो खाली मान घालून बोलत असेल तर आणखी अडचण. वडीलधाऱ्या किंवा अधिकारी माणसासमोर नजर खाली ठेवणे ही त्याची रीत असते, पण पाहणाऱ्याला ते लपवाछपवीचे लक्षण वाटू शकते. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी 2006 मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात असे दिसले की माणसे नुसते पाहून-ऐकून खोटे ओळखण्यात सुमारे 54 टक्के वेळाच बरोबर ठरतात, म्हणजे नाणे उडवण्याहून किंचित बरे.

सर्वोच्च न्यायालयाला याची जाणीव आहे. 1983 च्या भरवाडा भोगीनभाई हिरजीभाई खटल्यात न्यायमूर्ती एम. पी. ठक्कर यांनी असे स्पष्ट केले की साक्षीदाराच्या स्मरणशक्तीची अपेक्षा छायाचित्रासारखी करू नये, वेळेचा आणि अंतराचा अंदाज माणसागणिक बदलतो, आणि कोर्टाच्या वातावरणाने व उलटतपासाने बावरलेला माणूस गोंधळतो, म्हणून किरकोळ विसंगतींवरून त्याची सगळी साक्ष टाकून देऊ नये. दुसऱ्या बाजूने आरोपीलाही संरक्षण हवे, आणि ते महाराष्ट्रातल्याच दोन खटल्यांनी घट्ट केले आहे: 1973 च्या शिवाजी साहेबराव बोबडे खटल्यात, आरोपीने गुन्हा केला असावा एवढे पुरेसे नाही, त्यानेच केला असला पाहिजे असे सिद्ध व्हायला हवे असे सांगितले गेले, आणि 1984 च्या शरद बिरधीचंद सारडा खटल्यात केवळ परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा देण्यासाठी पाच कसोट्या ठरल्या, ज्यांतील एक अशी की पुराव्याची साखळी आरोपीच्या निर्दोषपणाची प्रत्येक वाजवी शक्यता वगळणारी असावी. गोष्ट रचणाऱ्या मनाला घातलेला हा लगाम आहे, कारण सलग गोष्ट पटली म्हणून थांबू नका, दुसरी गोष्टही याच पुराव्यातून निघते का ते पाहा, असा त्याचा अर्थ होतो.

या कसोट्या कागदावर उत्तम आहेत, पण त्या लावायला साक्षीदार कोर्टात हजर तर हवा. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली असंख्य कुटुंबे भिवंडी, वसई, ठाण्याच्या बाजूला वीटभट्टीवर आणि बांधकामावर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. याच काळात समन्स आले तर ते बंद दारावरून परत जाते, तारीख पडते, पुन्हा तारीख पडते, आणि प्रत्येक तारखेबरोबर आठवण पुसट होत जाते. साक्षीदाराला प्रवासखर्च आणि भत्ता देण्याची तरतूद आहे, तो मागून घ्यावा लागतो हे मात्र अनेकांना कोणी सांगितलेले नसते. त्याचप्रमाणे नोंदवलेली साक्ष आरोपीसमोर साक्षीदाराला वाचून दाखवणे, तिच्यात चूक आहे असे त्याने म्हटल्यास त्याची नोंद घेणे, आणि कोर्टाची भाषा त्याला समजत नसेल तर ती त्याच्या भाषेत समजावून देणे हेही कायद्यात आहे. कामाच्या गर्दीत हे वाचन पुष्कळदा घाईने उरकले जाते, वारली बोलणाऱ्या बाईला प्रमाण मराठीतला मजकूर कळला असे धरून चालले जाते, आणि ती सही करते किंवा अंगठा उठवते. न्यायाधीश पुढे जी कारणे लिहिणार, ज्यांवर अपील होणार, ज्यांची चिरफाड एखादा अभ्यासक करणार, ती सारी त्या अंगठ्यावर उभी असतात. म्हणून सरकारी वकिलाने, आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून आरोपीला मोफत मिळालेल्या वकिलानेही, तो मजकूर सावकाश वाचला जावा आणि गरज असेल तिथे दुभाषा बसवला जावा, हा आग्रह त्याच वेळी, साक्षीदार पिंजऱ्यातून उतरण्यापूर्वी, धरला पाहिजे.